खदानीजवळच्या झाडात धातू किती? पहिल्यांदा नमुने काढणाऱ्यांसाठी

मृगाचे दोन-चार पाऊस पडून गेले, की रामटेककडे जाणाऱ्या रस्त्याला बायका तरोटा खुडताना दिसतात. कोवळी पानं, कांदा, लसूण, भिजवलेली चण्याची डाळ. विदर्भात पावसाळ्याची पहिली रानभाजी हीच. तरोटा कुठेही उगवतो. बांधावर, रेल्वेच्या कडेला, आणि खदानीतून काढून टाकलेल्या मातीच्या ढिगाऱ्यावरही. मग दरवर्षी एखादा तरी विद्यार्थी प्रोजेक्टचा विषय शोधत येतो आणि विचारतो, "सर, ढिगाऱ्यावरच्या झाडात धातू किती उतरतो ते मोजता येईल का?"

येईल. पण मोजायचं यंत्र हा या कामातला सगळ्यात सोपा भाग आहे. तुम्ही त्यात जे घालाल त्याचा आकडा ते देतं. तो धातू पानाच्या आत होता की पानावर बसलेल्या धुळीत, हे त्याला कळत नाही. ते तुम्हाला कळायला हवं, आणि खाली जे सांगतो आहे त्यातलं निम्म्याहून अधिक त्यासाठीच आहे.

कामापुरतं शास्त्र

नागपूर जिल्ह्यात धातूची खदान म्हटलं की मॅंगनीज. मनसर, कांद्री, गुमगाव, बेलडोंगरी या खदानी मॉयल या सरकारी कंपनीच्या. कंपनी स्थापन झाली १९६२ साली, पण या पट्ट्यात मॅंगनीज काढायला सुरुवात झाली ती एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी. हे धातुक सौसर गटाच्या जुन्या रूपांतरित खडकांत सापडतं. त्यातल्या एका मॅंगनीजयुक्त खडकाला फर्मॉर या भूशास्त्रज्ञाने गोंडांच्या नावावरून 'गोंडाइट' म्हटलं, आणि ते नाव आज जगभर चालतं.

मॅंगनीज हे झाडाला विष नव्हे, अन्न आहे. प्रकाशसंश्लेषणात पाण्यातून ऑक्सिजन मोकळा करणारी जी यंत्रणा आहे तिच्या गाभ्यात मॅंगनीजचे अणू असतात. साधारण पानाच्या कोरड्या वजनात ते किलोमागे ३० ते ३०० मिलिग्रॅम सापडतं. हे मिलिग्रॅम-प्रति-किलो म्हणजेच पीपीएम. पुढे सगळे आकडे त्यातच आहेत. शिसं आणि कॅडमियम यांचं मात्र झाडाला काही काम नसतं. कॅडमियम लोह-जस्तासाठी ठेवलेल्या दारातून आत घुसतं. शिसं बहुतेक वेळा मुळांच्या पेशीभित्तीलाच चिकटून राहतं, वर फारसं चढत नाही. पानात शिसं भरपूर सापडलं, तर आधी धुळीवर संशय घ्या.

ढिगाऱ्यात मॅंगनीज टक्क्यांच्या हिशेबात असलं तरी ते बहुतेक न विरघळणाऱ्या ऑक्साइडच्या रूपात असतं. झाडाला घेता येतं ते फक्त दोन धनभारांचं, विरघळलेलं मॅंगनीज. माती आम्ल झाली किंवा पाणी साचून हवा कोंडली, की ऑक्साइडचं रूपांतर त्यात होतं. म्हणून एकाच ढिगाऱ्याच्या माथ्यावरची रुई आणि पायथ्याच्या डबक्याशेजारची रुई यांचे आकडे वेगळे येतात, आणि त्यात तुमची काही चूक नसते.

आणखी एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. मॅंगनीज एकदा पानात गेलं की तिथून फारसं हलत नाही, त्यामुळे जुन्या पानात जास्त, कोवळ्यात कमी. पानाचं वय न पाहता तोडलेले नमुने एकमेकांशी ताडून पाहता येत नाहीत.

१. प्रश्न लहान करा

"खदान परिसरातील वनस्पतींमधील जड धातूंचा अभ्यास" हा विषय नाही, ही दुकानाची पाटी झाली. विषय असा हवा: एका ढिगाऱ्यावरच्या तीन जातींच्या पक्व पानांत मॅंगनीज आणि लोह किती, आणि तसल्याच खडकावरच्या पण खदानीपासून दूर असलेल्या जागी त्याच जातींत किती. तीन जाती, दोन प्रकारच्या जागा, दोन-तीन धातू. एका हंगामात एका माणसाच्या हातून एवढंच नीट होतं.

२. जागा आणि परवानगी

चालू खदानीत मॅनेजरच्या लेखी परवानगीशिवाय पाऊल टाकायचं नाही. विभागप्रमुखांच्या सहीचं पत्र घेऊन जा. ब्लास्टिंगच्या वेळा विचारा, हेल्मेट आणि बूट घाला, आणि ढिगाऱ्याच्या ताज्या, सैल उतारावर चढू नका. जंगलाच्या हद्दीत शिरणार असाल तर वनविभागाचं पत्र वेगळं. मनसरला वाकाटककालीन अवशेषांची हिडिंबा टेकडी आहे. तिथे खुरपं घेऊन फिरू नका, हे सांगायची वेळ माझ्यावर एकदा आलेली आहे.

गावांच्या नावांची गंमतही आधीच माहीत असू द्या. मॅंगनीजचं गुमगाव सावनेर तालुक्यात, खाप्याजवळ. दुसरं गुमगाव वर्धा लाइनवर, बुटीबोरीच्या अलीकडचं स्टेशन. आमचा एक पोरगा सकाळच्या पॅसेंजरने तिथे उतरला, दुपारी फोन केला, "सर, इथं तर कंपन्या आहेत, खदान कुठंय?" कांद्रीही दोन आहेत: एक मनसरजवळची, मॅंगनीजची, दुसरी कन्हानला लागून, कोळशाच्या पट्ट्यातली.

गुमगावला जाणार असाल तर हेही विचारून घ्या, की ढिगाऱ्याचा कोणता भाग सुधारलेला आहे. तिथल्या ढिगाऱ्यांवर नीरी या पर्यावरण संशोधन संस्थेने साखर कारखान्यातला प्रेसमड (उसाच्या रसातला गाळ) आणि जिवाणू खतं वापरून झाडं उभी केली आहेत. ते काम नावाजलेलं आहे. पण तिथली माती आता ढिगाऱ्याची राहिलेली नाही, आणि झाडं आपोआप उगवलेली नाहीत. रानटी झाडांचा नमुना म्हणून ती घेतली तर सगळा अभ्यास वाकडा होतो.

कोळशाच्या खदानी, म्हणजे सिल्लेवाडा, सावनेर, उमरेड, हा वेगळा प्रश्न आहे. सिल्लेवाड्यासारख्या ठिकाणी खापरखेडा-कोराडीच्या वीज केंद्रांची राखही हवेत असते. पानावरची धूळ खदानीची की राखेची, हे सोडवणं नवख्याचं काम नव्हे. पहिला प्रोजेक्ट मॅंगनीजवर करा.

३. कंट्रोलची जागा: इथे नागपूरकर हमखास फसतो

कंट्रोल म्हणजे तुलनेसाठीची जागा. खदानीपासून दूरची, स्वच्छ जागा हवी म्हणून मुलं कॉलेजचं आवार निवडतात, नाहीतर सेमिनरी हिल्स. सोयीचं आहे, पण चुकीचं आहे.

दख्खनच्या बेसाल्टची पूर्वेकडची कड नागपूर शहरातूनच जाते. सीताबर्डीचा किल्ला ज्या टेकडीवर आहे ती बेसाल्टची. त्या खडकापासून झालेल्या काळ्या मातीत तांबं, निकेल, क्रोमियम हे मुळातच जास्त असतं, खदान असो वा नसो. शिवाय ती माती चुनखडीयुक्त, पीएच आठच्या आसपास. मनसरची माती सौसरच्या शिस्ट आणि क्वार्ट्झाइटवरची. दोघांची तुलना केली तर खदानीचा परिणाम मोजला जात नाही, दोन खडकांमधला फरक मोजला जातो. एका प्रबंधात मी पाहिलं होतं, की 'प्रदूषणमुक्त' कंट्रोलमध्ये तांबं खदानीपेक्षा जास्त आलं होतं, आणि त्याचं खापर रस्त्यावरच्या गाड्यांवर फोडलं होतं.

कंट्रोल शोधायचा तो त्याच खडकावर, खदानीपासून काही किलोमीटर दूर, वाऱ्याच्या आडव्या बाजूला, आणि ट्रकच्या रस्त्यापासून आत. अमरावती रोडवर राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण व भूमी उपयोग नियोजन ब्यूरोचं कार्यालय आहे. जिल्ह्याचे मातीचे नकाशे बघून जागा निवडलीत तर अर्धी लढाई तिथेच जिंकाल. आणि एक कंट्रोल पुरत नाही. दोन घ्या, म्हणजे त्या दोघांत आपसात किती फरक आहे तेही कळतं.

४. कोणती झाडं

दोन्ही जागी मुबलक असतील ती. रुई, तरोटा, गाजर गवत, घाणेरी, एकदांडी, बेशरम, बोर, पळस. यातली तीन घ्या, आणि तिघांची पानं वेगवेगळ्या स्वभावाची निवडा. तरोट्याचं पान गुळगुळीत, धूळ लवकर निघते. घाणेरीचं खरबरीत. रुईच्या पानाला पांढरी कापसासारखी लव असते. भिंगाखाली धरून बघा: लवेच्या धाग्यांत काळे-तपकिरी कण असे अडकलेले दिसतात, की झटकून तर सोडाच, नळाखाली धरूनही सगळे निघत नाहीत. ते भिंग दोन मिनिटं बघितल्याशिवाय मी कुणाला पानं तोडू देत नाही.

प्रत्येक जातीची एक फांदी फुला-फळासह दाबून हर्बेरियमसाठी ठेवा. रुई दोन जातींची आहे, कॅलोट्रॉपिस प्रोसेरा आणि कॅलोट्रॉपिस जायजँटिया, आणि दोन्ही आपल्याकडे उगवतात. एका जागी एक आणि दुसऱ्या जागी दुसरी घेतली तर पुन्हा तुलना संपली.

रुईचा चीक डोळ्यात जाऊ देऊ नका. गाजर गवताने ज्यांच्या अंगाला खाज सुटते त्यांनी पूर्ण बाह्यांचा शर्ट घालावा. ढिगाऱ्याच्या भेगांत साप असतात. हात घालण्याआधी काठी घाला.

५. कधी आणि कसे काढायचे

मला विचाराल तर सप्टेंबरच्या शेवटापासून नोव्हेंबरपर्यंत. झाडं वाढलेली असतात, फुलावर असतात, ओळखता येतात, पावसाने पानं थोडीफार धुतलेली असतात. एप्रिल-मेमध्ये ढिगाऱ्यावर ४५ अंशांत उभं राहून जे हाती लागतं ते वाळलेली काडी आणि धूळ. हंगामी फरक हाच तुमचा प्रश्न असेल तर गोष्ट निराळी. आणि दोन्ही जागांचे नमुने शक्यतो त्याच आठवड्यात, मध्ये पाऊस न पडता.

एका जागी एका जातीची पाच वेगवेगळी झाडं निवडा, एकमेकांपासून काही मीटर लांब. प्रत्येकाची वरून चौथ्या-पाचव्या पेरावरची पक्व, निरोगी पानं. पाचही झाडांचा एकच गोळा करू नका. पाच पिशव्या वेगळ्या ठेवा. गोळा केला तर एकच आकडा मिळतो आणि झाडा-झाडांत किती फरक आहे ते कधीच कळत नाही. जुन्या पानांवर तपकिरी ठिपके दिसले तर फोटो काढून नोंद करा. मॅंगनीज जास्त झाल्याची ती एक खूण असू शकते.

हातात प्लास्टिकचे मोजे. पानं ब्राऊन पेपरच्या पिशवीत. पॉलिथीनमध्ये घाम सुटून ती सडतात, आणि वर्तमानपत्राची शाई नमुन्याला नको. लेबल पेन्सिलने, एक पिशवीवर आणि एक आत. पेनची शाई पावसाच्या एका शिंतोड्याने गेली, की तिसऱ्या दिवशी तुम्ही बारा सारख्या पिशव्या समोर घेऊन बसलेले असता.

माती त्याच झाडाच्या मुळाशी काढायची. ढिगाऱ्याच्या मध्यातून एक घमेलं भरून आणलेली माती निरुपयोगी. वरचा पालापाचोळा बाजूला करा, २० सेंटिमीटरपर्यंत खणा. खुरप्याला लागलेली कड सोडून आतली माती प्लास्टिकच्या चमच्याने घ्या. ज्या झाडाचं पान, त्याचीच माती, तोच नंबर.

६. धुणं

सगळं काम इथे तरतं किंवा बुडतं, म्हणून सविस्तर.

माझ्या पहिल्या वर्षी मी रुईची पानं ओल्या फडक्याने पुसून वाळवली. मॅंगनीज झकास आलं, मी खूश. सोबत लोहही मोजलं होतं. ते किलोमागे काही हजार मिलिग्रॅम. आमच्या प्रयोगशाळेतल्या जुन्या सहायकांनी कागद बघितला आणि एवढंच म्हटलं, "झाडाच्या पानात एवढं लोखंड असतं का हो? तुम्ही माती मोजली." साधारण पानात लोह ५० ते २५० च्या आसपास असतं. माझा सहा महिन्यांचा आकडा धुळीचा होता.

तेव्हापासूनची पद्धत अशी. तोडली त्याच संध्याकाळी, पानं ताजी असताना धुवायची; वाळल्यावर धूळ घट्ट बसते. आधी नळाच्या वाहत्या पाण्याखाली, दोन्ही बाजूंनी बोटाने चोळून. मग प्रयोगशाळेच्या साबणाच्या अगदी पातळ द्रावणात, ०.१ टक्क्याच्या, १५ सेकंद. मग डिआयनाइज्ड, म्हणजे क्षार काढून टाकलेल्या, पाण्याच्या तीन वेगवेगळ्या भांड्यांत एकामागून एक बुडवून. पानं पाण्यात भिजत ठेवू नका. फार वेळ राहिली तर आतले क्षारही बाहेर झिरपतात आणि मग चूक उलट्या बाजूची होते. एकूण एका मिनिटात संपवायचं.

आता महत्त्वाचं. प्रत्येक जातीच्या काही पिशव्यांतली निम्मी पानं न धुता ठेवा. दोन्ही मोजा. समजा न धुतलेल्या पानात लोह ६०० आलं, धुतलेल्यात २००. फरक ४००. त्या जागच्या मातीत लोह ४०,००० असेल तर न धुतलेल्या पानाच्या वजनात साधारण १ टक्का धूळ होती. आता त्याच मातीत मॅंगनीज २०,००० आहे. त्याचा १ टक्का म्हणजे २००. न धुतलेल्या पानात मॅंगनीज ५५० दिसलं असेल, तर त्यातलं २०० धुळीचं आणि ३५० पानाचं. धुतलेल्या पानाचा आकडाही ३५० च्या आसपास आला, तर तुमचं धुणं पटलं. नाही आला, तर परत भिंग काढा.

पानावर जी धूळ बसते ती मुळाशी असलेल्या मातीसारखीच असेल असं नाही, ती जास्त बारीक असते, त्यामुळे हा हिशेब ढोबळच. ज्यांच्याकडे एक्सआरएफ (क्ष-किरणांनी मूलद्रव्यं मोजणारं) यंत्र आहे त्यांनी टायटॅनियम बघावं. झाड ते जवळजवळ घेतच नाही, म्हणून पानात टायटॅनियम दिसलं म्हणजे माती आली.

मुळं धुणं याहून अवघड. मुळांच्या पृष्ठभागावर लोह-मॅंगनीजचा थर बसतो, तो घासून निघत नाही. त्यासाठी ईडीटीए या धातू पकडणाऱ्या रसायनाच्या सौम्य द्रावणात १५-२० मिनिटं ठेवतात. पहिल्याच प्रोजेक्टला मुळं घेतली नाहीत तरी चालेल, असं माझं मत. अनेक गाइडांना ते पटत नाही.

७. वाळवणं आणि कुटणं

कागदी पिशवीतच, ओव्हनमध्ये ६५ अंशांवर, वजन स्थिर होईपर्यंत. साधारण ४८ तास. वाळवण्याआधीचं वजन लिहून ठेवा, शेवटी लागणार आहे. कुटायला पोर्सेलिनचा किंवा अगेटचा खल. घरच्या मिक्सरचं पातं स्टेनलेस स्टीलचं असतं, त्यातून क्रोमियम आणि निकेल नमुन्यात येतं. माती सावलीत वाळवून २ मिलिमीटरच्या चाळणीतून, चाळणी नायलॉनची. पितळी चाळणी म्हणजे तांबं आणि जस्त फुकट.

८. मातीच्या चाचण्या

पीएच मोजा, माती एक भाग आणि पाणी अडीच भाग. सेंद्रिय कर्ब मोजा. मग धातू दोन प्रकारे काढा. एकदा तीव्र आम्लात, म्हणजे जवळपास एकूण धातू. आणि एकदा डीटीपीए या तसल्याच धातू पकडणाऱ्या रसायनाच्या द्रावणात, म्हणजे झाडाच्या हाती लागण्याजोगा. डीटीपीएची पद्धत लिंडसे आणि नॉर्वेल यांची, १९७८ ची: पीएच ७.३ चं द्रावण, १० ग्रॅम मातीला २० मिलिलिटर, दोन तास हलवणं. मातीपरीक्षणाच्या कुठल्याही प्रयोगशाळेत ती रोज करतात. ती मुळात तटस्थ आणि अल्कधर्मी मातीसाठी बनवलेली आहे, तुमचा पीएच ५ आला तर आकड्यावर फार विसंबू नका.

९. पचवणं

पचवणं म्हणजे पानाची पूड आम्लात विरघळवणं. कोरडी पूड ०.५ ग्रॅम, चार दशांशांपर्यंत अचूक वजन करून. त्यावर १० मिलिलिटर तीव्र नायट्रिक आम्ल, आणि रात्रभर तसंच झाकून फ्यूम हुडमध्ये, म्हणजे वाफा बाहेर ओढणाऱ्या कपाटात. घाई करून लगेच तापवलंत तर फेस वर येतो आणि नमुना बाहेर. सकाळी हळूहळू १०० अंशांच्या आसपास नेऊन तपकिरी वाफा थांबेपर्यंत. थंड करून २ मिलिलिटर हायड्रोजन पेरॉक्साइड थेंबाथेंबाने, पुन्हा गरम. द्रावण फिक्कट, स्वच्छ झालं की गाळून ५० मिलिलिटर.

जुन्या वह्यांत परक्लोरिक आम्लाची कृती सापडेल. करू नका. सेंद्रिय पदार्थाबरोबर ते तापवताना स्फोट होऊ शकतो, आणि त्यासाठीचं खास हुड बहुतेक कॉलेजांत नसतं. चष्मा, मोजे, ॲप्रन. आणि हुडचा पंखा खरंच ओढतो का, ते कागदाचा तुकडा धरून बघा. काचेची सगळी भांडी आदल्या रात्री १० टक्के नायट्रिक आम्लात बुडवलेली.

दर तुकडीबरोबर दोन ब्लँक, म्हणजे नमुना न घालता बाकी सगळं तसंच. आणि एक प्रमाणित नमुना, म्हणजे ज्यातल्या धातूंचे आकडे आधीच पक्के माहीत आहेत असा. नागपुरात बऱ्याच प्रयोगशाळांत अमेरिकेच्या एनआयएसटी या मोजमाप-मानक संस्थेची टोमॅटोच्या पानांची बाटली कुठल्यातरी कपाटात असते. तिच्यात मॅंगनीज २४६ आहे. तुम्हाला १८० आलं तर झाडांवर निष्कर्ष काढायला बसू नका, पचवण्यात काहीतरी राहिलं आहे. बाटली महाग आहे, जपून वापरा.

सरावासाठी मात्र माझी युक्ती: चहा. कुठलीही चहापत्ती. चहाचं झाड मॅंगनीज साठवतं, पत्तीत ते शेकड्यांनी मिलिग्रॅम असतं. पहिले पाच-सहा प्रयत्न तिच्यावर करा. पाचही वेळा जवळजवळ सारखा आकडा आला की मग खरे नमुने हातात घ्या. ढिगाऱ्यावरच्या तरोट्यापेक्षा कपातल्या पत्तीत मॅंगनीज जास्त आहे, असंही होऊ शकतं. तेव्हा 'मॅंगनीज सापडलं' एवढ्याने घाबरायचं नाही आणि घाबरवायचंही नाही.

१०. यंत्र आणि गणित

फ्लेम एएएसवर, म्हणजे द्रावण ज्योतीत फवारून धातूने शोषलेला प्रकाश मोजणाऱ्या यंत्रावर, मॅंगनीज, लोह, जस्त, तांबं सहज दिसतं. मॅंगनीज २७९.५ नॅनोमीटरला इतकं स्पष्ट दिसतं की द्रावण पातळ करावं लागतं. समजा १० पट पातळ केलेल्या द्रावणाचं वाचन, ब्लँक वजा करून, लिटरमागे ०.३५ मिलिग्रॅम. मूळ द्रावणात ३.५. गुणिले ५० मिलिलिटर, भागिले ०.५ ग्रॅम: ३५०. पातळ केल्याचे १० गुणायला विसरणारे दरवर्षी असतात, आणि मग "खदानीवरच्या झाडात मॅंगनीजची कमतरता" असा निष्कर्ष निघतो.

शिशाचा हिशेब याच्या उलट. फ्लेम एएएसवर लिटरमागे ०.१ मिलिग्रॅमच्या खाली शिशाच्या आकड्यावर भरवसा ठेवणं कठीण. वरच्याच कृतीत गुणक १०० आहे, म्हणजे पानात १० च्या खाली तुम्हाला खात्रीने काही सांगता येणार नाही. आणि साधारण पानात शिसं ५ च्याही खाली असतं. शिसं-कॅडमियम हवंच असेल तर ग्राफाइट फर्नेस किंवा आयसीपी-एमएस ही जास्त संवेदनशील यंत्रं असलेल्या प्रयोगशाळेत नमुने द्या. फ्लेमवरच्या शिशाचे तीन दशांशांपर्यंतचे तक्ते मी बरेच बघितले आहेत. यंत्राच्या थरथरीचे आकडे ते.

११. गुणोत्तरं जपून

पानातला धातू भागिले मातीतला धातू, म्हणजे संचय गुणांक. पान ३५०, मातीत एकूण २०,०००: गुणांक ०.०२ च्या आत. झाड धातूला बाहेर ठेवतं, असं लिहाल. पण त्याच मातीत डीटीपीए मॅंगनीज समजा ५०. आता गुणांक ७. झाड धातू साठवतं, असं लिहाल. झाड तेच, पान तेच. म्हणून कशाने भागलं ते शीर्षकातच लिहा, आणि दुसऱ्याच्या पेपरशी तुलना करताना त्याने कशाने भागलं ते आधी शोधा.

वनस्पतिशास्त्रज्ञ ॲलन बेकर यांनी १९८१ साली झाडांचे तीन गट मांडले: वर चढू न देणारी, साठवणारी, आणि मातीतलं प्रमाण पानात जसंच्या तसं दाखवणारी. गट ठरवायला मातीतल्या वेगवेगळ्या प्रमाणांवर तेच झाड कसं वागतं ते बघावं लागतं. एका ढिगाऱ्यावरून ठरत नाही. आणि 'हायपरॲक्युम्युलेटर', म्हणजे धातू प्रचंड साठवणारं झाड, हा शब्द तर कपाटात कुलूप लावून ठेवा. मॅंगनीजसाठी त्याची रेषा पानात १०,००० ची आहे, निकेलसाठी १,००० ची, कॅडमियमसाठी १०० ची. न्यू कॅलेडोनियात एक झाड आहे, त्याच्या निळसर-हिरव्या चिकाच्या कोरड्या वजनात २५ टक्क्यांच्या आसपास निकेल असतं; तो शब्द अशा झाडांसाठी आहे. आपली रुई ३५० वर उभी आहे.

ढिगारा झाकायचा असेल तर धातू न साठवणारं झाड किंवा गवतच बरं. शेळ्या चरतात तिथे.

१२. तरोट्याच्या भाजीचं काय

हा प्रश्न खाण्याचा आहे, त्यामुळे वरची धुण्याची रीत इथे लागू नाही. भाजी करणारी बाई पानं डिआयनाइज्ड पाण्यात बुडवत नाही. ती नळाखाली किंवा बादलीत दोन पाण्यांतून काढते, काही घरी उकडून पाणी पिळून टाकतात. तिच्या ताटात धूळही जाते. झाड काय शोषतं हे बघायचं असेल तर प्रयोगशाळेचं धुणं. माणूस काय खातो हे बघायचं असेल तर स्वयंपाकघरातलं.

आकडाही बदलतो. पालेभाजीसाठी कोडेक्स या आंतरराष्ट्रीय अन्न-मानक संस्थेची शिशाची मर्यादा ०.३ आणि कॅडमियमची ०.२ आहे, पण ती ताज्या वजनावर. तुमचा आकडा कोरड्या वजनावर. पानात ९० टक्के पाणी असेल तर कोरड्यातले ३ म्हणजे ताज्यातले ०.३. वाळवण्याआधीचं वजन लिहून ठेवा म्हटलं होतं ते यासाठी. कोरडा आकडा थेट मर्यादेशी लावून "दहापट शिसं" अशी बातमी केली, तर दुसऱ्या दिवसापासून त्या बायकांचा तरोटा बाजारात कोणी घेणार नाही, आणि चूक तुमच्या भागाकारात असेल.

तेव्हा तरोट्याच्या प्रत्येक नमुन्याचे तीन वाटे करा. एक न धुतलेला, एक प्रयोगशाळेच्या पद्धतीने धुतलेला. तिसरा, भाजी खुडणाऱ्या एखाद्या मावशीला विचारून, त्या सांगतील तसा, त्यांच्याच बादलीत धुतलेला.